न सापडलेलं पाळणाघर

कारकुनी आमच्या घरात रक्तातून येते. आजोबा तहसिलीत, वडील कलेक्टर कचेरीत, काका भूमी अभिलेखात. मी आईच्या पोटात असतानाच माझी नोंद कोणीतरी आवक-जावक रजिस्टरात करून ठेवली असावी, असा माझा पक्का संशय आहे. पण माझी पाळी येईपर्यंत सरकारी नोकऱ्या आटल्या आणि मी उरलो कंत्राटावर. ज्याचा सर्व्हे निघेल त्याचा मी. मी जनावरं मोजली, संडास मोजले, एकदा तर यवतमाळातले बंद पडलेले हातपंप मोजले. त्यातल्या एका पंपाला भसकन पाणी आलं, तेव्हा आमच्या पर्यवेक्षकानं ती नजरचूक समजून खोडायला लावली.

कापसाची ती पडती वर्षं. शहराच्या कडेला, जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या माळावर टिनाची घरं उगवत होती. मी पानठेल्यावर सांगायचो की त्या दिशेला तोंड करून दात घासायला बसा, चूळ भरेपर्यंत दोन घरं वाढलेली दिसतील. कोणी नेरकडचे, कोणी झरीच्या जंगलाकडचे, कोणी बंजाऱ्यांच्या तांड्यांवरचे. स्वतःच्या शेतात वेचण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून ते शहरात आले, आणि शहरात काम नव्हतं म्हणून बाया पहाटे टेम्पोत उभ्या राहून दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायच्या. गाव सोडून शहरात यायचं आणि शहरातून रोज गावी जायचं, अशी ती तऱ्हा.

या वस्तीत मी पहिल्यांदा गेलो तो दारिद्र्यरेषेची यादी करायला. फॉर्ममध्ये एकेका वस्तूला गुण होते. पंखा असेल तर इतके, कुकर असेल तर तितके. शाळेत गुण जास्त मिळाले की पोरगं पास. इथे गुण जास्त मिळाले की घर नापास. पिवळं कार्ड गेलं, कार्डावरचं धान्य गेलं. पहिल्याच घरात मी पाहिलं, तर खायला ज्वारीच्या कण्या आणि छताला एक पंखा, तोही जिनिंगच्या भंगारातला, तीन पात्यांपैकी दोनच शिल्लक असलेला. त्या पंख्यापायी ते घर श्रीमंत ठरत होतं. आमच्याकडे मे महिन्यात टिनाखाली ठेवलेलं अंडं उकडून निघतं हे मुंबईत फॉर्म छापणाऱ्याला कोण सांगणार?

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं न्याय केला. वस्तीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. तिथे बसून मी सांगितलं की माझ्या मागून नागपूरचा एक तपासणी अधिकारी येणार आहे, आणि तो असा जबरदस्त आहे की भिंतीतल्या नुसत्या खिळ्याकडे पाहून तिथे कोणतं घड्याळ टांगलेलं होतं ते कंपनीसकट सांगतो. असा अधिकारी या पृथ्वीवर नव्हता. पण वस्तीनं त्या रात्रीत खिळे उपटले, भोकं शेणामातीनं लिंपली. कुकर धान्याच्या कोठीत गेले. एका घरानं तर छोटा टीव्ही लुगड्याच्या झोळीत घातला, आणि मी फॉर्म घेऊन गेलो तेव्हा बाई झोळीला झोका देत होती. लेकरू निजलं हाय म्हणाली. ही गोष्ट मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. मी वाढवलेलं काही नाही, टीव्ही रडला असं मी कधीच म्हटलेलं नाही.

बहुतेकांना कार्डं मिळाली. त्यानंतर चहा प्यायल्याशिवाय मला त्या वस्तीतून कोणी बाहेर पडू देईना. आणि त्यांनी एक गोष्ट हाडात मुरवून घेतली. फॉर्म लावलेला पुठ्ठा घेऊन माणूस दिसला की घरात जे काही चांगलं असेल ते नाहीसं करायचं.

पुढे तिथे एक संस्था आली. चांगली होती, नावं ठेवायला जागा नाही. बिनधुराच्या चुली दिल्या, पाणी गाळायच्या टाक्या दिल्या, चार-दोन बायांना शिवणयंत्रं दिली. आणि पाळणाघर काढलं. वस्तीतल्या एका विधवा बाईच्या कवेलूच्या छपराच्या खोलीत, जिला सगळे मावशी म्हणायचे. पहाटे टेम्पोचा हॉर्न वाजायच्या आधी बाया लेकरं मावशीच्या ओट्यावर ठेवून जायच्या आणि दिवस बुडताना घेऊन जायच्या. मधल्या वेळात मावशी त्यांना खिचडी चारायची, झोपवायची, आणि जे झोपणार नाही त्याला असल्या शिव्या द्यायची की ते ऐकत राहण्यासाठीच शांत व्हायचं.

या पाळणाघरामुळे वस्तीत किती फरक पडला ते मी एका घरावरून सांगतो. जिनिंगच्या भिंतीला लागून जे घर होतं, ते तांड्यावरून आलेल्या एका बाईचं. नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर हमालीला. महिन्यातून एकदा यायचा, तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळा काळा. हिला मोठी मुलगी आठ-नऊ वर्षांची आणि धाकटं अंगावरचं पोरगं. पाळणाघर निघण्याआधी धाकट्याला ही मुलगीच सांभाळायची, म्हणून ती शाळेत कधी गेलीच नव्हती. पाळणाघर निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं तिचा हात धरून नगरपालिकेच्या शाळेत नेलं आणि वय बसत नसताना पहिलीत बसवलं. ती पोरगी वाचायला शिकली आणि मग तिला काही आवरेना. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे कागद, टेम्पोच्या मागची अक्षरं, जे दिसेल ते मोठ्यानं. आई मला अभिमानानं म्हणायची की आमच्या सात पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत फिरल्या, पण कोणत्या गावाची पाटी काय म्हणते ते आता ही सांगते. ते पाळणाघर चालू होतं तोवर मुलगी शाळेत होती. हिशोब इतका सरळ होता.

तिसऱ्या वर्षी संस्थेला पैसा देणाऱ्यांनी मूल्यमापन काढलं. पुण्याहून एक बाई आल्या. माझं कंत्राट त्यांच्या हाताखाली. बाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम लिहितो, कारण तोंडी सांगताना मी त्यांना शिंगं लावतो. त्या प्रत्येक दारात चपला काढायच्या, पेन्सिलीनं लिहायच्या, आणि कोणी बोलत असेल तर मध्ये तोडायच्या नाहीत. फक्त त्यांचा एक नियम होता. सांगितलेलं लिहायचं नाही, दिसलेलं लिहायचं. संस्थेची माणसं त्या दिवशी वस्तीत फिरकणार नाहीत आणि वस्तीला आधी कळवायचं नाही, हा दुसरा.

मी आदल्या दिवशी नुसता टपरीवर जाऊन बसलो असतो तरी पुरलं असतं. पण मला जीपमध्ये पुढची सीट मिळाली होती, गळ्यात फोटोचं ओळखपत्र होतं, आणि मला वाटलं, आपलीच वस्ती आहे, जागेवर जमवून घेऊ.

आम्ही भल्या पहाटे, टेम्पो यायच्या आधीच, जीपमधून उतरलो तेव्हा नळावरच्या एका बाईनं मला पाहिलं, मग माझ्या हातातला पुठ्ठा पाहिला. ती ओरडली नाही. तिनं नुसता हंडा उचलला आणि चालू लागली. एवढंच. आम्ही पहिल्या दारात चपला काढेपर्यंत शेवटच्या दारापर्यंत बातमी गेली होती. बिनधुराच्या चुलीवर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा आला आणि शेजारी तीन दगडांची चूल धूर ओकायला लागली. पाण्याच्या टाक्या पालथ्या झाल्या, त्यांवर कोंबड्या बसल्या. एका घरात बाजेवर गोधडीखाली कोणीतरी आडवं होतं. बाईंनी हळूच विचारलं, आजारी आहे का कोणी. घरधनीण म्हणाली, सासू हाय, ताप हाय. मला गोधडीतून शिवणयंत्राचं चाक दिसत होतं. त्या सासूच्या तेराव्याला मी स्वतः जेवून गेलो होतो.

मी म्हटलं, अहो, हे यादीचं नाही, दाखवा, जे मिळालं ते दाखवा, त्यातच तुमचं भलं आहे. त्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात विसरणार नाही. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. पुण्याच्या बाईसमोर हा माणूस काय सोंग वठवतो म्हणून. मी जितकं कळकळीनं बोलावं तितकं त्यांना माझं सोंग अधिक पटत होतं. तीन घरांनंतर मी हात जोडायला लागलो, तर एका म्हाताऱ्यानं चक्क डोळा मारला.

मावशीच्या खोलीत ओट्यावर एक शेळी बांधलेली होती. आत एकही लेकरू नाही. पाळणे काढून ठेवलेले, भिंतीवरची फळांची चित्रं उतरवलेली, जमीन नुकती सारवलेली. त्या दिवशी वस्तीतल्या बाया वेचायलाच गेल्या नव्हत्या. टेम्पो हॉर्न वाजवून रिकामाच परत गेला होता. कामाला जाणारी बाई म्हणजे कमाई असलेलं घर, कमाई म्हणजे गुण, आणि लेकरं पाळणाघरात म्हणजे आई कामाला. वस्तीचा विचार इथपर्यंत धावला होता. इतका सूक्ष्म विचार तर फॉर्म करणाऱ्यानंही केला नसेल.

बाईंनी विचारलं, पाळणाघर कुठे आहे.

"कायचं पाळणाघर, बाई," मावशी म्हणाली. "दोन दिवस चाललं, मंग बंद पडलं. आमच्या बाया कुठी जातेत कामाले? काम हाय कुठी?"

"मावशी," मी म्हटलं, "खरं सांगा हो."

"खरंच सांगून राह्यली, बाबू," ती म्हणाली आणि शेळीच्या पुढ्यात पाला टाकला.

जिनिंगच्या भिंतीजवळच्या घरी ती आई धाकट्याला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. केस विस्कटलेले, तोंडावर दुःख. मुलगी सकाळच्या शाळेत गेली होती. मुलीचं शिक्षण विचारलं तर आई म्हणाली की शाळेत नाही पाठवत, कोण पाठवते. हेही तिनं लपवलं. तिच्या घरात लपवण्यासारखं तेवढंच होतं.

जीपपाशी आल्यावर बाईंनी कागद बोनेटवर ठेवले. म्हणाल्या, तुम्ही या वस्तीत आधी काम केलेलं आहे, तुम्हाला माहीत असेल. पाळणाघर चालतं की नाही?

आयुष्यात मी इतक्या गोष्टी रंगवल्या, आणि एवढा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. चालतं म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग लोक खोटं का बोलले. त्याचं उत्तर दिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे त्यांना शिकवलं कोणी. आणि ते कागदावर गेलं असतं तर वस्तीची सगळी कार्डं फेरतपासणीला निघाली असती. असं मी स्वतःला सांगितलं. माझं कंत्राट जाईल, हे स्वतःला सांगायची गरज पडली नाही. ते मला आधीच ठाऊक होतं.

"चालत होतं," मी म्हटलं.

"आज?"

"आज दिसलं नाही."

बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं, पाळणाघर: आढळले नाही. खाली अन्वेषकाची सही म्हणून जागा होती. माझी सही सुरेख आहे, वडिलांच्या वळणाची.

अहवाल गेला. अडीच-तीन महिन्यांत संस्थेला पत्र आलं की या वस्तीतलं काम परिणामशून्य असल्याचं आढळल्यानं पुढचा टप्पा दुसऱ्या शहरात घ्यावा. ऐन वेचणीच्या दिवसांत पाळणे टेम्पोत चढले आणि गेले. मावशी महिनाभर आपल्या हिमतीवर लेकरं ठेवत होती म्हणे, पण खिचडी कुठून आणणार. मग लेकीकडे वणीला निघून गेली.

एका रविवारी दुपारी ती आई माझ्या घरी आली. बरोबर मुलगी, कडेवर धाकटा. माझ्या आईनं पाणी दिलं, तर बाई ओट्याच्या पायरीवरच बसली, वर आली नाही. मुलगी मात्र दारातून आत डोकावून भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचायला लागली, वर छापलेल्या पोटदुखीच्या औषधाच्या जाहिरातीसकट. मला वाटलं आता ही बाई मला शिव्या घालणार. मी मनात उत्तरंही तयार केली होती, चांगली चार-पाच.

"भाऊ," ती म्हणाली, "लहान्याले कोणी पाहाले नाई. मी वेचाले नाई गेली त चूल नाई पेटत. मास्तर म्हणते, पोरगी अशीच घरी राह्यली त नाव काटून टाकतो."

मी म्हटलं, मी मास्तरांशी बोलतो.

"बोला. पण तवा तुमीनं सांगतलं होतं न, हे लपवा, ते लपवा. आम्ही लपवलं, कार्ड भेटलं. आता सांगा, काय लपवलं म्हंजे हिची शाळा राह्यते?"

टोमणा नव्हता. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती खरोखर विचारायला आली होती. वस्तीतल्या पाच जणींनी तिला मुद्दाम पाठवलं होतं, कारण असलं काही फक्त मलाच कळतं.

त्या संध्याकाळी मी पुण्याच्या बाईंना पत्र लिहायला बसलो. नागपूरचा अधिकारी, खिळे, झोळीतला टीव्ही, सगळं लिहिलं, आणि पाळणाघर चालत होतं असं शेवटी लिहिलं. पानठेल्यावर मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते पत्र टपालात पडतं, बाई स्वतः जीप हाकत येतात आणि जीपमधून एकेक करून पाळणे उतरतात. ऐकणारे खर्रा चघळायचं थांबतात. खरं असं की मी पाकीट घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. त्याच आठवड्यात मला फवारणीचे पंप मोजायचं नवं कंत्राट मिळालं होतं. पत्र मी ट्रंकेत ठेवलं. वाळवीनं त्याचा पत्ता तेवढा खाल्ला.

मास्तरांकडे मात्र मी गेलो. त्यांनी हजेरीपट दाखवला, मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची अख्खी रांग. म्हणाले, तुम्ही कारकुनाच्या घरातले, तुम्हीच सांगा, मी हे कुठवर ओढू. ते बरोबर होते.

मग मी दुसरी वाट धरली, आणि यात माझी बढाई नाही, हे खरंच केलं. भटक्या मुलांची एक आश्रमशाळा होती, एसटीनं दोन तासांवर. राहणं तिथेच, जेवण तिथेच. जागा नव्हत्या. मी वडिलांच्या ओळखी, काकांच्या ओळखी, मेलेल्या आजोबांची पुण्याई, सगळं खर्च केलं. जातीचा दाखला नव्हता, तो काढला. जन्माचा दाखला नव्हता, तोही काढला. आमच्या तीन पिढ्यांच्या कारकुनीतून इतके खरे कागद एका ठिकाणी कधी जमले नसतील. पुढची वेचणी सुरू झाली होती तेव्हा प्रवेशाचा फॉर्म शिक्का मारून मिळाला.

तो घेऊन मी भर दुपारी वस्तीत गेलो. जिनिंगच्या भिंतीच्या सावलीत बाज टाकलेली. बाजेवर तीन लेकरं आडवी, खाली पोत्यावर दोन, आणि धाकटा त्या मुलीच्या कडेवर. ती एका हातानं माशा वारत होती. उंच झाली होती, पण वाळलीही होती. केसांना तेल नव्हतं.

मी तिच्या बोलीत विचारलं, तुझी याडी, आई, कुठे. वेचायला गेली म्हणाली, दिवस बुडता येते. ही एवढी लेकरं कोणाची, तर म्हणाली, त्या घरची, त्या घरची, बोट दाखवत गेली. त्यांच्या आयाही तिकडेच. टेम्पो यायच्या आधी हिच्याकडे ठेवून जातात.

मी तिला शाळेचं सांगितलं. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. पुस्तकं तिथेच भेटतात का, विचारलं. कितवीत घेतील, विचारलं. चौथीत म्हटल्यावर तिच्या तोंडावर काहीतरी हललं. फॉर्म हातात घेऊन तिनं वरची दोन वाक्यं वाचली, पहिल्यासारखी मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत, अडखळत. मग फॉर्म परत दिला.

"मंग या लेकरायले कोण पाहीन, काका?"

मी म्हटलं, त्यांच्या आया पाहतील.

"त्या त वेचाले जातेत." मला समजायला वेळ लागतो असं वाटून तिनं सावकाश सांगितलं. "मी गेली त साऱ्या जणी घरी बसतीन. आमची याडी बी."

मी तिला काय काय सांगायला लागलो. की हे तिचं काम नाही, की मी तिच्या आईशी बोलतो, की मी संस्थेकडे पुन्हा जातो, की मी कलेक्टर कचेरीत जाऊन टेबल हलवतो. बोलता बोलता मी नेहमीच्या पट्टीत गेलो.

"हळू बोला न, काका," ती म्हणाली. "आत्ताच निजले."

बाजेवरच्या एकाचं डोकं कडेला लोंबकळत होतं. ते तिनं उचलून नीट ठेवलं आणि पुन्हा माशा वारायला लागली.